नावाचं दळण

दर्यापूर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. रागिणी,

भाचीला आशीर्वाद द्यायचा की आपल्या वऱ्हाडाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या पाया पडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही केलं असं समज.

पत्र पाहून तू हसशील. पण फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर लावावा लागतो. स्पीकर लावला की शेजारचे किसनराव आपल्या ओसरीवर बसून सगळं ऐकतात आणि मध्येच सल्लाही देतात. व्हॉट्सॲप म्हणशील तर तो फोन मामीच्या ताब्यात. हे काम दोघांनाही कळू द्यायचं नाही.

दिवाळीत आली होतीस तेव्हा आपण झेंडूचे हार ओवत बसलो होतो. तू सांगत होतीस, की तुमच्या संस्थेत अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांतल्या रक्तदात्यांची नोंद एका ठिकाणी येते. तेव्हा दोरा तुटला म्हणून मी उठलो, आठवतं? दोरा काही तुटला नव्हता.

तुझी मामेबहीण आचल. सहा वर्षं झाली आता. अमरावतीला नर्सिंग शिकत होती, तिथल्याच योगेश तायडे नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा आपल्यातला नव्हता. तेव्हापासून येणं-जाणं नाही, बोलणं नाही. नंतर तिचा नंबरही लागेनासा झाला. कुठे आहे, कशी आहे, काही माहीत नाही. पण एक गोष्ट माहीत आहे. अठरा पूर्ण झाली त्या दिवशी ती रक्त द्यायला गेली, आणि घरात होती तोवर दर वाढदिवसाला गेली. मी ओरडायचो, अंगात पावशेर मांस नाही आणि रक्त कसलं देतेस? तर म्हणायची, "बाबा, डॉक्टर तपासूनच घेते. रक्त देनारा मानूस धडधाकट असते."

तेच वाक्य डोक्यात बसलं आहे. तिचं नाव तुझ्या नोंदीत असेल तर ती धडधाकट आहे. मला तेवढंच कळलं तरी पुरे.

मामीला यातलं अवाक्षर बोलू नकोस. तिची आशा एकदा जागी झाली तर मला आवरायची नाही.

तुझा श्याममामा


अकोला
४ नोव्हेंबर २०२५

ती. श्याममामा,

आशीर्वाद ठेवून घेतला, पाया पडणं परत पाठवते आहे. तुमच्या कमरेची मला काळजी आहे.

आचलची आठवण मला येत नाही असं समजू नका. पण मामा, आमच्या नोंदीत नावंच नसतात. कोणी रक्त दिलं हे परक्याला कळू नये, म्हणून प्रत्येक रक्तपेढी दात्याचं नाव आणि जन्मतारीख जोडते आणि हॅश नावाच्या एका सूत्रातून काढते. पलीकडून चौसष्ट अक्षरांची एक विचित्र ओळ निघते. आमच्याकडे येते ती फक्त ही ओळ, रक्तगट आणि महिना. नाव, पत्ता, फोन सगळं त्या रक्तपेढीतच राहतं.

आपल्या चक्कीसारखं समजा. गहू टाकले की पीठ. पिठाचे पुन्हा गहू कोणी करू शकत नाही, चक्कीवालाही नाही. मात्र तेच गहू पुन्हा टाकले तर अगदी तेच पीठ निघतं, आणि एक दाणा जरी वेगळा पडला तरी सगळंच पीठ वेगळं. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. तिच्यात मी रोज एकच प्रश्न विचारते: अकोल्याचं कोणतं पीठ अमरावतीच्या कोणत्या पिठाशी जुळतं? जुळलं की समजायचं, हा माणूस दोन्हीकडे रक्त देऊन आला. तो माणूस कोण, ते मला कधीच कळत नाही.

म्हणून आचल माझ्या यादीत असली तरी मला दिसणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.

तुमची
रागिणी


दर्यापूर
११ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा काही कळलं नाही, तिसऱ्यांदा तुझी चोरी सापडली.

तूच लिहितेस की तेच गहू टाकले तर तेच पीठ निघतं. मग गहू मी देतो. तू तुझ्या चक्कीवर दळ आणि तुझ्याकडच्या पोत्यांत तसलं पीठ कुठे आहे का ते पाहा. होतं ना असं? होत नसेल तर नाही म्हण, मी गप्प बसतो.

नाव: आचल योगेश तायडे. जन्मतारीख २३ जानेवारी १९९७. त्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा होती, आमच्या घरी भाज्यांचा नैवेद्य होता आणि तुझी मामी दवाखान्यात होती, त्यामुळे तारखेत चूक नाही.

जुनं नाव टाकायच्या भानगडीत पडू नकोस. ते त्या दिवशीच संपलं. लग्नात बाईचं नाव बदलतंच. तुझी मामी माहेरची विमल. ताटातल्या तांदळात अंगठीने मीच 'शकुन' लिहिलं आणि त्या दिवसापासून विमल म्हणून हाक मारली तर तीसुद्धा वळून बघत नाही.

मामा


अकोला
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

चोरी सापडली हे कबूल. असं करता येतं हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तेवढं लिहायचं टाळलं. ज्याला कोणाचं पूर्ण नाव आणि तारीख माहीत आहे तो अंदाजाने दार ठोठावू शकतो. आज तुम्ही ठोठावताय, तुमच्या मनात माया आहे. उद्या दुसरं कोणी ठोठावेल, त्याच्या मनात काय असेल कोण जाणे. घर सोडून गेलेल्या मुलीला शोधणारे सगळेच मामांसारखे नसतात.

हे लिहूनही मी तुम्ही दिलेलं नाव टाकून पाहिलं. तुमच्या अक्षरापुढे माझा शहाणपणा टिकला नाही. स्क्रीनवर आलं: शून्य ओळी. म्हणजे त्या नावाचं आणि त्या तारखेचं कोणी नाही.

एक विचारते. आधारवर तिची हीच तारीख आहे का? रक्तपेढीत फॉर्म भरताना आधारवरचीच तारीख लिहितात.

आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तुम्ही लिहून पाठवाल तेवढंच नाव टाकीन, माझ्या मनाने एकही टाकणार नाही. तुम्ही तिचे वडील आहात, विचारायचा थोडा तरी हक्क तुम्हाला आहे. मी स्वतःहून चाचपडत बसले तर ते कुणाच्या खिडकीतून डोकावण्यासारखं होईल.

रागिणी


दर्यापूर
२५ नोव्हेंबर २०२५

चि. रागिणी,

तारखेची गोष्ट बरी काढलीस. शाळेत नाव घालायला तिला तिचा आजा घेऊन गेला होता. त्याला तारीख सांगता येईना, तेव्हा मास्तरांनी एक जून टाकून दिली. तिच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मली आहेत. आधारवर तीच आहे, १ जून १९९६. पावणेआठ महिने आधीच जन्माला घातली मास्तरांनी माझी पोर.

आता या तारखेने आचल योगेश तायडे टाक. नाही निघालं तर योगिता योगेश तायडे. तेही नाही तर योगिनी, मग यशोदा, मग यामिनी. नवऱ्याच्या नावाशी जुळणारं नाव ठेवायची हौस असते पुष्कळांना. तायड्यांकडे काय रीत आहे कोणास ठाऊक, मी कधी विचारलंच नाही. त्याच्या आईचं नावही मला माहीत नाही. सोयऱ्यांचं घर आहे ते, आणि मी त्याचं दार पाहिलेलं नाही.

सध्या बाजारात मेथीला कोणी विचारत नाही. तुला जुडी पाठवली असती, पण पोस्टात हिरवी राहायची नाही.

मामा

रागिणीबाई, मी शकुन. पत्र पोस्टात टाकाले मलेच देतात आन मले काई कळनार नाई असं समजतात. मी पाकीट वाफेवर उघडलं. तुह्या मामानं तुले एक गोष्ट सांगतली नसन. लगन करून दोघं जोडीनं पाया पडाले आले होते. पोरीनं चपला बी काढल्या नव्हत्या, तं हे दारातूनच म्हने, "आजपासून माह्यं नाव लावू नको." पोरगी तशीच वापस गेली. म्हून हे जुनं नाव टाकू देत नाईत. यायले भेव वाटते. मी इतके वर्स काईच बोलली नाई, पन तू आता काईतरी कर माय.


अकोला
३ डिसेंबर २०२५

ती. मामा,

आचल, योगिता, योगिनी, यशोदा, यामिनी. सगळी शून्य.

आता रागवू नका. मी हे सगळं आमच्या धर्मेंद्र सरांना सांगितलं. मला ते पोटात ठेवून काम करता येईना. ते चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. म्हणाले, "म्हंजे आपन कुलूप लावलं आन किल्ली दारालेच टांगली." संक्रांतीनंतर ते हे भोक बुजवणार आहेत. नाव दळण्याआधी रक्तपेढ्या त्यात एक गुपित शब्द मिसळतील, जो आमच्या खोलीत कधी येणारच नाही. त्याला या धंद्यात मीठ म्हणतात, खरंच. एकदा मीठ पडलं की तुम्ही गहू दिलेत तरी माझ्या हातून तेच पीठ निघणार नाही.

तोवर एकदाच पाहता येईल, तेही सरांसमोर आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून मागितलं तर.

मामा, एकच नाव उरलं आहे. कोणतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. ते मी माझ्या मनाने टाकणार नाही, हे आधीच सांगितलं होतं. मामीवर चिडू नका. पाकीट तिच्या हातात देणारे तुम्हीच.

तुम्ही तेव्हा जे बोललात ते मामीच्या ओळींत वाचून मला तुमचा रागही आला आणि तुमच्यासाठी रडूही आलं. दोन्ही खरं आहे.

रागिणी


दर्यापूर
८ जानेवारी २०२६

चि. रागिणी,

उत्तराला महिना लागला. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. मामीशी भांडलोही नाही. ती म्हणाली, "बोला ना आता," आणि मी कागद शोधायला उठलो.

कागद रोज काढायचो. 'आचल' लिहायचो आणि पुढे हात थांबायचा. तुला वाटेल म्हातारा अजून ऐटीत आहे. ऐट केव्हाच गेली. मला भीती आहे ती तुझ्या शून्याची. आतापर्यंतची शून्यं तायड्यांच्या नावाची होती, मी ती सहन केली. पण या नावाला शून्य आलं तर त्याचा अर्थ असा, की मी नाव लावू नको म्हटलं आणि पोरीने ते ऐकलं. लहानपणापासून तिने माझं एक ऐकलं नाही. उन्हात जाऊ नको म्हटलं की जायची, झाडावर चढू नको म्हटलं की शेंड्यावर सापडायची. सगळ्या आयुष्यात तिने एकदाच माझं ऐकलं असेल, आणि ऐकलं ते हे.

काल किसनरावांच्या नातीचं बारसं होतं. बाळाचं नाव कानात सांगितलं आणि मग सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. नाव, त्यापुढे बापाचं नाव, मग आडनाव. मला बाकीचं नीट ऐकू आलं नाही, पण ते तिन्ही शब्द ऐकू आले. घरी येऊन हे लिहितो आहे.

आचल श्याम मसने. जन्मतारीख १ जून १९९६.

ही मी, श्याम मसने, तिचा बाप, माझ्या हाताने केलेली विनंती आहे. सरांना माझा नमस्कार सांग.

मामा


अकोला
१३ जानेवारी २०२६

ती. मामा,

आज सरांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली. तुमचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं. बारशापर्यंत वाचलं आणि पुढचं त्यांनी माझ्या हातातून घेऊन मनातच वाचलं. मग मी नाव टाकलं, तारीख टाकली, आणि प्रश्न विचारला.

काय आलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. सरांना तसा शब्द दिला आहे आणि तो मला पटलाही आहे. ती आहे की नाही, हे सांगायचा अधिकार फक्त तिचा. नंतर सरांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला. ते कधी कोणाला चहा आणून देत नाहीत, पण यावरून तुम्ही काही अंदाज बांधू नका.

आता करायचं ते ऐका. आचलला एक पत्र लिहा. पाकिटावर पत्ता नको, फक्त तिचं पूर्ण नाव, जे तुम्ही मला लिहून पाठवलंत तेच. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून सरांच्या नावे पाठवा. अशी रक्तदाता असलीच तर तिची रक्तपेढी तिला फोन करील आणि विचारेल, की वडिलांचं पत्र आलंय, देऊ का? ती हो म्हणाली तरच मिळेल. नाही म्हणाली तर, किंवा ती कुठेच नसली तर, तुमच्याकडे काही येणार नाही. दोन्हींतलं काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. कठीण आहे, पण तुम्ही दिलेल्या त्रासापुढे तिला एवढी मोकळीक हवीच.

पत्रात सबबी लिहू नका. हे भाची म्हणून सांगते, आपल्याकडे भाचीचं ऐकतात.

तिळगूळ पाठवते आहे. मामीला द्या, तिच्या दातांना चालेल असा मऊ केला आहे.

रागिणी


दर्यापूर
२४ फेब्रुवारी २०२६

चि. रागिणी,

आज पाया पडणं परत पाठवायचं नाही. ठेवून घे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पत्र पाठवलं होतं. त्यात तीन वाक्यं होती. मी चुकलो. तुझी आई रोज तुझं ताट मनातल्या मनात वाढते. तू बरी असशील तर मला काही नको. चौथं सुचलं नाही आणि तू सबबी लिहू नको म्हणालीस, म्हणून तिथेच थांबलो. त्यानंतर रोज पोस्टमन आला आणि रोज पुढे गेला. मामी त्याच्याकडे बघायची नाही, मीही बघायचो नाही, आणि दोघांनाही त्याच्या सायकलचा आवाज ओळखता यायला लागला होता. मलासुद्धा, या कानांनी.

काल सायकल थांबली.

पाकीट मी हातात घेतलं आणि उलटं केलं, पाठवणाऱ्याचं नाव बघायला. तुझ्या प्रश्नाला काय उत्तर आलं ते तू मला सांगितलं नव्हतंस. आता कळलं तुझे सर चहा आणायला का उठले ते. तिथे लिहिलं होतं, आचल श्याम मसने, आणि खाली धारणीचा पत्ता.

मी ओसरीवरच बसलो. चष्मा होता, पण त्याचा उपयोग होईना. मामी आली, तिने पाकीट घेतलं, फोडलं आणि वाचायला लागली. मला ऐकू यावं म्हणून ती मोठ्याने वाचते हे तुला माहीत आहे. दोघं धारणीला एकाच दवाखान्यात आहेत. तिकडे सिकलसेलची पुष्कळ लेकरं, त्यांना सारखं रक्त लागतं, म्हणून ती आणि योगेश दर वर्षी शिबिर घेतात, आणि पहिली बाटली तिची असते. योगेशच्या आईचं नाव देवकाबाई आहे. हे तिने मुद्दाम लिहिलं आहे, मला माहीत नसणार हे तिला पक्कं ठाऊक.

मग तिने लिहिलं आहे ते जसंच्या तसं देतो:

'रक्तपेढीतून फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण पाकिटावर काय नाव लिहिलंय ते मी विचारलं, आणि त्यांनी वाचून दाखवलं. बाबा, माझ्या नावापुढे तुमचं नाव आहे म्हणाले, आणि पाकीट हातात आलं तर ते तुमच्याच अक्षरात होतं. मी ते कधी काढलंच नव्हतं. आधारवर तेच, नोकरीत तेच, प्रत्येक बाटलीवर तेच. तुम्ही लावू नको म्हणालात. तुमचं मी कधी काही ऐकलं होतं का?'

मामी तिथे थांबली. तिने कागद मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "मले आयकू नाई आलं. पुन्हा वाच."

खोटंच म्हटलं. एकेक अक्षर ऐकू आलं होतं. पण मामीने तोंड उघडायच्या आत पलीकडच्या ओसरीवरून किसनराव ओरडले, "श्यामराव, पोरगी म्हन्ते, तुमचं कधी आयकलं होतं काय!"

उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघं अमरावतीला आणि तिथून धारणीला निघतो आहोत. मामीने मेथी खुडून ठेवली आहे. पोस्टात राहिली नसती, पण हातात न्यायला हिरवी राहील.

तुझा श्याममामा